राक्षस पार्टीच्या मापाने बेतायचे का?

खोल_तळघर
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) याची पाचवी आवृत्ती चालवतो, म्हणजे गोष्ट मी सांगतो आणि राक्षस मी खेळवतो; चार खेळाडू, दर रविवारी. माझं मत आता पक्कं झालंय: पार्टीची, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीची, ताकद मोजून त्या मापाचे राक्षस बेतणं सोडून द्यावं.

गेल्या रविवारी नवी मोहीम सुरू केली. सगळे पहिल्या लेव्हलचे, म्हणजे अगदी नवखे. ओढ्यावर पूल, पलीकडे एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. २०१४च्या पुस्तकाप्रमाणे अशा चौघांसाठी ४०० एक्सपी (राक्षस हरवल्याचे गुण, त्यांवरूनच लढत किती कठीण ते मोजतात) म्हणजे प्राणघातक लढत, आणि हा एकटाच ४५०चा. त्याच्या सोट्याचा फटका सरासरी १३चा, आमच्या विझर्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, ८. तरी मी त्याची ताकद कमी केली नाही. फक्त पुलाच्या अलीकडे मोडून पडलेली गाडी ठेवली, बैलाची चघळलेली हाडं, चिखलात परातीएवढी पावलं. पोरं वीस मिनिटं कुजबुजत बसली. शेवटी आपलं खेचर त्याला देऊन पलीकडे गेली. हल्ल्यासाठी एकही फासा पडला नाही, आणि आठवडाभर ग्रुपवर तोच विषय.

१९७४च्या मूळ खेळात सीआर, म्हणजे राक्षस किती कठीण ते सांगणारा आकडा, नव्हताच. तळघरांत जितकं खाली उतराल तितका धोका मोठा, आणि किती उतरायचं ते खेळाडू ठरवायचे. समोर आलेला राक्षस लढेल की बोलेल, तेही बऱ्याचदा दोन फाशांवर ठरायचं. सीआर आला २००० साली, तिसऱ्या आवृत्तीत.

पाचवा_फासा
अजिबात पटलं नाही. तुमची पोरं दर रविवारी भेटतात. आम्ही महिन्यातून एकदा, तीन तास, तेही कुणीतरी घरी मूल सांभाळतंय म्हणून. मी मागे असंच "जग आहे तसं" ठेवलं होतं. जंगलात लांडग्यांचा कळप, किती ते मोजलंच नाही. एकीचं कॅरेक्टर, जिची पूर्वकथा तिने दोन पानं लिहून आणली होती, अर्ध्या तासात गेलं. उरलेला वेळ ती शेजारी बसून बघत होती. पुढच्या महिन्यात आली नाही. ती चूक माझीच, आणि पाच मिनिटांच्या बेरजेने टळली असती.

सावलीला_भिणारा
बेरजेने टळली असतीच असं नाही, ताई. दुसऱ्या लेव्हलच्या तिघांसमोर मी दोन शॅडो (सावलीचे राक्षस) ठेवले होते. २०० एक्सपी, दोन राक्षस म्हणून दीडपट, ३००. पुस्तक म्हणतं मध्यम. पण शॅडोचा फटका लागला की दर वेळी चार बाजूंच्या फाशावर येईल तेवढी ताकद (पात्राच्या अंगबळाचा आकडा) जाते, आणि ताकद शून्य झाली की मरण. हिट पॉइंट कितीही असोत. आमच्या विझर्डची ताकद ८. दुसऱ्या फेरीत संपला.

आणि आकडे तरी कुठे ठाम आहेत? पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर चार गॉब्लिन (बुटके राक्षस): २०१४च्या हिशेबात २००, संख्येमुळे दुप्पट, म्हणजे ४००, प्राणघातक. २०२४च्या पुस्तकात तो गुणक काढून टाकला. तेच २०० आता सर्वांत खालच्या पायरीवर.

दहाचा_फरक
हा दोष एका खेळाच्या गणिताचा, गणिताचा नव्हे. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाची २०१९ची दुसरी आवृत्ती चालवून बघा. तिथे लेव्हल जवळजवळ प्रत्येक आकड्यात मिळवतात, आणि लागणारा आकडा दहाने ओलांडला की क्रिटिकल, म्हणजे जास्तच जबर परिणाम. चौघांसाठी ८० एक्सपी म्हणजे मध्यम, आणि ती खरंच मध्यम निघते. डी अँड डी पाचवीच्या २०१४च्या पुस्तकात खेळातल्या दिवसाला सहा ते आठ लढती धरून आकडे मांडले होते. रात्री एकच लढत घेतलीत तर विझर्ड सगळे मंत्र तिथेच ओततो, मग हिशेब जुळणार कसा?

खोल_तळघर
पाथफाइंडरबद्दल मान्य. पण लढत नेमकी मध्यम निघते हे खेळाडूंना एकदा कळलं की पळायचं कशाला, बोलायचं कशाला? माझ्या पोरांनी खेचर दिलं, कारण ओगर खरंच मारेल हे त्यांना दिसत होतं.

@पाचवा_फासा, तुमच्या मैत्रिणीचं वाचून वाईट वाटलं. त्या लांडग्यांची चाहूल आधी लागली होती का?

पाचवा_फासा
नाही. थेट झाडीतून आले. चाहूल द्यायला हवी होती, एवढं तुमचं घेते. पण पुलावर तुमच्यातल्या एखाद्याने उतावीळपणे बाण सोडला असता तर?

खोल_तळघर
तर विझर्ड बहुधा कोसळला असता. मरण खरं असेल हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, चौघांनी होकार दिला होता.

पाचवा_फासा
माझ्या टेबलावर तो होकार मी कुणाला विचारलाच नव्हता. या वेळी विचारेन. तरी पहिल्या सत्राचे लांडगे मोजूनच ठेवणार.