मदत हवी आहे: आयआरई१ची कात्री सगळीकडे एकच, मग वनस्पतींत कापड निराळे का?

नमस्कार.

पदव्युत्तर वर्गातील चर्चासत्रासाठी मी प्रथिनांची घडी बिघडल्यावर वनस्पती-पेशी काय करते हा विषय घेतला असून, त्याच्या उत्क्रांतीच्या भागाशी येऊन अडलो आहे.

अंतर्द्रव्यजालिकेत (पेशीत प्रथिने घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्यात) घडी न बसलेली प्रथिने साचू लागली, की तिच्या पटलात रोवलेले आयआरई१ हे प्रथिन जागे होते आणि जनुके चालू करणाऱ्या एका प्रथिनाच्या ठरावीक एमआरएनएचा (जनुकाच्या संदेश-प्रतीचा) मधला तुकडा कापून टाकते. ही कापाकापी केंद्रकात नव्हे, तर पेशीद्रव्यात होते. हा तुकडा यीस्टच्या हॅक१ या जनुकामध्ये २५२ अक्षरांचा, सस्तन प्राण्यांच्या एक्सबीपी१मध्ये २६ अक्षरांचा, तर अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नेहमीच्या वनस्पतीच्या बीझिप६०मध्ये (हे २०११ साली उघड झाले) अवघ्या २३ अक्षरांचा आहे. हा फरक मी स्वतः जेलवर पाहिला आहे: ट्युनिकामायसिन (प्रथिनांची घडी बिघडवणारे औषध) दिलेल्या रोपांच्या नमुन्यात कापलेल्या व न कापलेल्या रूपाच्या दोन पट्ट्या इतक्या चिकटून आल्या होत्या, की आधी ती एकच जाड पट्टी वाटली.

कापण्याची खूण तिन्हींत सारखीच आहे, म्हणजे केसांच्या पिनेसारखे दोन वळसे आणि प्रत्येकाच्या टोकाशी सात अक्षरे, ज्यांतील एक सी आणि दोन जी ठरलेले. परिणाम मात्र तीन तऱ्हांचे. यीस्टमध्ये तुकडा असेपर्यंत प्रथिन बनणेच अडून राहते. सस्तन प्राण्यांत न कापलेल्या एमआरएनएपासूनही प्रथिन बनते, पण जनुके जोमाने चालू करणारा भाग त्याला वाचनचौकट (अक्षरे तीन-तीनच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकल्यावरच मिळतो. बीझिप६०मध्ये चौकट सरकताच प्रथिनाला पटलात अडकवणारा पट्टाच गळून पडतो आणि ते केंद्रकाकडे जायला मोकळे होते. तुकडा गेल्यावर टोके जोडणारे विकर यीस्टमध्ये व वनस्पतींत एकाच जातीचे आहे, प्राण्यांत वेगळे. बुरशी नात्याने प्राण्यांच्या जवळची असूनही या बाबतीत ती वनस्पतींच्या पंगतीला बसते, याचे मला नवल वाटते.

माझी मुख्य शंका अशी: हॅक१, एक्सबीपी१ आणि बीझिप६० ही एकाच पूर्वज जनुकाची लेकरे मानावीत, की आयआरई१ जुने आणि त्याच्या हाताखालचे जनुक प्रत्येक शाखेने नव्याने नेमले, असे मानावे? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. परंतु बीझिप हा (या प्रथिनांचा डीएनएला चिकटणारा) भाग इतका आखूड आहे, की केवळ त्यावर उभारलेल्या वंशवृक्षावर माझा भरवसा बसत नाही.

दुसरी शंका पर्कची, म्हणजे प्राण्यांच्या जालिकेच्या पटलातील अशाच दुसऱ्या संवेदक प्रथिनाची. ते यीस्टमध्येही नाही आणि वनस्पतींतही नाही. त्याचा जालिकेच्या आतला भाग मात्र आयआरई१शी मिळताजुळता आहे. यावरून पर्क हे प्राण्यांच्या शाखेत आयआरई१च्या संवेदक भागाला दुसरे किनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारा विकर-भाग) जोडले जाऊन घडले असावे, असे म्हणणे कितपत सुरक्षित आहे?

हिरवी शैवाले किंवा शेवाळवर्गीय वनस्पतींवर ज्यांनी काम केले आहे, त्यांनी तिथे कापण्याची खूण कोणत्या जनुकात सापडते आणि कापल्यावर प्रथिनात नेमके काय बदलते, एवढे सांगितले तरी माझे घोडे पुढे सरकेल.