मदत हवी आहे : माळ्यावरच्या ट्रंकेतला वेताळ

मंडळी, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत लहानपणीच्या कॉमिक्सचा गठ्ठा सापडला. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे तेवीस अंक आणि राज कॉमिक्सचे नागराज, ध्रुव (हे हिंदीत, आमची निम्मी हिंदी त्यातूनच आलेली). इंद्रजाल १९९० साली बंद पडलं; त्याचे शेवटचे अंक मी एस.टी. स्टँडवर आजोळच्या गाडीची वाट बघत घेतलेले. बाकीचे बिंदू चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडून. दोन जुने दिले की एक 'नवा' मिळायचा, तोही मुखपृष्ठ फाटलेला.

इंद्रजालमधल्या वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) अंगठीचा कवटीचा शिक्का गुंडांच्या जबड्यावर उमटायचा, म्हणून आम्ही बाटलीच्या बुचाला शाई लावून गल्लीतल्या पोरांचे गाल रंगवायचो. मार लई खाल्लाय त्यापायी. पण मला खरा आवडायचा ध्रुव. अंगात कसलीच दैवी शक्ती नाही, सगळं डोक्यानं आणि सर्कशीत शिकलेल्या कसरतींनी.

आता अडचण अशी, की पिना गंजून पानांना तांबडे डाग पडलेत, काही अंकांना कसर लागलीय आणि पावसाळ्याचा कुबट वास जात नाही. पिना काढून अंक दोऱ्यानं शिवावेत का? कडुनिंबाचा पाला ठेवला तर कागदावर डाग पडेल का? लॅमिनेशन कर म्हणतात, पण मला ते पटत नाही. कोल्हापुरात जुनी पुस्तकं नीट बांधून देणारा बाइंडर कुणाला माहीत असेल तर सांगा.

आणि कुणाकडे बहादूरचे (इंद्रजालमधला आपला देशी हिरो) मराठी अंक असतील, तर विकत नको, नुसते वाचायला द्या. चहा माझ्याकडून.