फ्लेक्सच्या मथळ्यासाठी ठळक, अरुंद देवनागरी फॉन्ट सुचवा

मैदानप्रेमी
मंडळाच्या स्पर्धेचा फ्लेक्स मी करतेय. रुंदी 12 फूट, उंची 4 फूट. 'राज्यस्तरीय निमंत्रित कबड्डी स्पर्धा' एवढा मथळा एका ओळीत बसायला हवा आणि रस्त्यापलीकडून वाचता यायला हवा. इम्पॅक्ट फॉन्टसारखं जाड, उभट काहीतरी हवंय, पण तो निवडून मराठी टाइप केलं की अक्षरं भलतीच येतात. सध्या एक साधा बोल्ड फॉन्ट रुंदीला 60 टक्क्यांवर दाबलाय. नजरेला खटकतोय, पण नक्की काय चुकतंय ते कळत नाही. मोफत असेल तर उत्तम.

अक्षरवेडा
ताई, इम्पॅक्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या स्टीव्हनसन ब्लेक फाउंड्रीसाठी (फाउंड्री म्हणजे टाइप बनवणारा कारखाना) जेफ्री ली यांनी 1965 साली केलेला तो टाइप. मराठी टाइप केलं की संगणक परस्पर दुसराच फॉन्ट लावतो.

दाबलेला फॉन्ट मात्र आधी काढा. रुंदी 60 टक्के केली की काना आणि उभे दंड तेवढेच बारीक होतात, शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते. सगळा शब्द वरून जड दिसतो. तुम्हाला खटकतंय ते हेच. मुळातच अरुंद रेखाटलेल्या फॉन्टमध्ये हा तोल अक्षरागणिक सांभाळलेला असतो.

माझं मत टेको फॉन्टला. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, 2014 पासून गुगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो, छपाईलाही चालतो. वळणं चौकोनी, रेघांची जाडी जवळपास सारखी. त्यातला बोल्ड एकदोन शब्दांपुरताच वापरा. लांब मथळ्याला सेमीबोल्ड.

शाईकागद
टेको चांगलाच, पण त्याच फाउंड्रीचा 'खंड' नावाचा फॉन्टही लावून बघा. त्यात अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी आहे. ठळक अरुंद अक्षरात आधी तीच बुजते. तुमच्या मथळ्यात खरी परीक्षा 'ड्ड'ची. एकाखाली एक दोन ड, वर वेलांटी. लांबून त्याचा काळा ठिपका झाला तर बाकी कितीही देखणं असून उपयोग नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि दुकानात देताना मजकूर कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, पीडीएफ द्या. त्यांच्याकडे फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात.

मैदानप्रेमी
पडद्यावर दोन्ही छानच वाटतात हो! लांबून कसं दिसेल ते छपाईआधी कळायला काही मार्ग?

अक्षरवेडा
ए-फोर कागदावर आडवं छापा. त्याची लांबी साधारण 1 फूट, म्हणजे तुमच्या फ्लेक्सचा बारावा भाग. भिंतीला लावून 5 फुटांवरून बघा. प्रत्यक्षात 60 फुटांवरून जे दिसेल, तेच दिसेल.

मैदानप्रेमी
दोन्ही छापून भिंतीला लावले. एका ओळीत कुठल्याच फॉन्टचा 'ड्ड' नीट सुटत नव्हता. म्हणून एका ओळीचा हट्ट सोडला. वर टेको सेमीबोल्डमध्ये 'राज्यस्तरीय निमंत्रित', खाली बोल्डमध्ये दुप्पट मोठं 'कबड्डी स्पर्धा'. सासूबाईंनी चष्मा न लावता दाराशी उभं राहून वाचलं. दोघांचेही मनापासून आभार, उद्या छपाईला देतेय.