मदत हवी आहे: टीव्हीवरच्या कॉन्सर्टमधलं नेमकं किती लाइव्ह असतं, आणि ते ओळखायचं कसं?

पंचमवेडा:
स्टेडियममधल्या एका पॉप कॉन्सर्टच्या प्रक्षेपणाबद्दल शंका आहेत. गिटारला वायर नाही. गायिकेने माइक तोंडापासून लांब नेला तरी आवाज येतोच. ओठ आणि शब्द किंचित मागेपुढे आहेत. मंचावर चौघे वादक, ऐकू येतो मात्र व्हायोलिनचा ताफा. यातला पुरावा कशाला म्हणायचं? आणि हाताशी फक्त लॅपटॉप-हेडफोन असताना तपासता येईल का?

कानसेन:
'लाइव्ह की प्लेबॅक (म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं)' असं विचारलंत तर उत्तर सापडणार नाही. एकेक थर वेगळा धरा: ड्रम, बेस, गिटार, मुख्य आवाज, कोरस आणि बाकीचा भरणा.

तुमचे व्हायोलिन या भरण्यातले. मोठ्या पॉप दौऱ्यांत तो एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरवरून वाजतो. वेगवेगळे थर वेगवेगळ्या चॅनेलवर मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला जातात. एका चॅनेलवर क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक असते, ती फक्त वादकांच्या कानात. आणखी एकावर टाइमकोड, म्हणजे गाणं कुठवर आलं ते सांगणारा वेळेचा संकेत. त्यावर दिवे आणि पडद्यावरचा व्हिडिओ चालतो. दुसरा लॅपटॉप समांतर सुरू असतो, पहिला अडकला की स्विचर त्याच्यावर उडी मारतो. त्यामुळे ड्रमर अगदी खरा वाजवत असला तरी लय यंत्रासारखी पक्की राहते. पक्की लय हा प्लेबॅकचा पुरावा नव्हे.

माइकचं म्हणाल, तर ट्रॅकवर, म्हणजे या आधी रेकॉर्ड केलेल्या भागात, बहुधा मुख्य आवाजाचीच दुसरी प्रत असते, गात्या आवाजाखाली दाबून ठेवलेली. माइक लांब गेल्यावर आवाज पातळ होऊन खाली बसला, तर वरचा आवाज खरा. तसूभरही फरक पडला नाही, तर सगळं ट्रॅकवर.

वायर नसणं फुसकं. पट्ट्यावर, कमरेला किंवा गिटारच्या सॉकेटमध्ये वायरलेसचा डबा आहे का ते पाहा. वायरही नाही आणि डबाही नाही, तर मात्र २०१४च्या सुपर बोलसारखं (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) समजा. तिथे रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडची गिटार-बेस कशालाच जोडलेली नव्हती. बेसवादक फ्लीने नंतर जाहीर सांगितलं की गाणं लाइव्ह, पण ड्रम-बेस-गिटार आधी रेकॉर्ड केलेले. मैदानावर काही मिनिटांत मंच उभारायचा असतो, एक जोडणी चुकली तरी दुरुस्तीला वेळ नाही.

मिक्सरमागे:
ओठांबद्दल. सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रक्षेपणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेऱ्यापासून तुमच्या टीव्हीपर्यंत चित्र जितक्या यंत्रांतून जातं तितकं मागे पडतं. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मागे गेला की माणसाला जाणवू लागतं. पुढे गेलेला लवकर खुपतो. सोपी तपासणी: दोन गाण्यांच्या मध्ये गायिका बोलते ते पाहा. बोलणंही तितकंच चुकत असेल तर दोष प्रक्षेपणाचा. बोलणं जुळतं आणि गाणं जुळत नाही, तर संशय रास्त.

बोलताना आवाज एकदम कोरडा होतो, तो पुरावा धरू नका. गाणं संपलं की मिक्सरवरचा माणूस रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) बंद करतो.

षड्ज:
एक भर. यात शास्त्रीय संगीतवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही. २००६च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ऑपेरा गायक पावारोत्तींचं गाणं आधी रेकॉर्ड केलेलं होतं. २००९च्या ओबामांच्या शपथविधीत चेलोवादक यो-यो मा, व्हायोलिनवादक पर्लमन वगैरे वाजवताना दिसले, ऐकू आलं ते दोन दिवस आधीचं ध्वनिमुद्रण. कारण थंडी: तारा उतरतात, पियानो सुरात राहत नाही. युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेत तर नियमच आहे, मुख्य आवाज लाइव्ह आणि वाद्यं ट्रॅकवर. मंचावरचा ड्रमर तिथे शोभेला.

कानसेन:
आता घरची तपासणी. त्याच दौऱ्यातल्या दोन वेगळ्या रात्रींचं एकच गाणं घ्या. अल्बमशी तुलना नको, दौऱ्याचे ट्रॅक नव्याने मिक्स केलेले असतात.

ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल घ्या, प्रोजेक्ट ४८००० हर्ट्झवर (सेकंदाला ४८००० सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या नोंदी) ठेवा, दोन्ही मोनो करा. मग दोन्हींवर १००० हर्ट्झचा लो-पास (त्याच्या वरचे सूर गाळणारा फिल्टर) लावा. ही पायरी गाळू नका: ४८०००ला एका सॅम्पलची चूक १००० हर्ट्झच्या लहरीत साडेसात अंशांची असते (पूर्ण लहर ३६० अंशांची), १०००० हर्ट्झवर ७५ अंशांची. फिल्टर न लावता वरचे सूर एकमेकांत विरणारच नाहीत आणि तुम्ही उगाच 'लाइव्ह' म्हणाल. एखादा ठळक ठोका सॅम्पलपर्यंत झूम करून जुळवा, एक फाइल 'इन्व्हर्ट' करा (लहर उलटी होते), तिची पातळी हळूहळू वरखाली करत दोन्ही एकत्र ऐका. जो थर विरतो तो ट्रॅक. जो उरतो तो त्या रात्री वाजवलेला, सोबत गर्दीचा आवाज. पूर्ण शांतता कधीच येणार नाही.

पंचमवेडा:
करून पाहिलं, आभार. सुरुवातीला कोरस आणि व्हायोलिन विरतात, पण वीसेक सेकंदांनी परत वर येतात. आणि ड्रम कुठेच विरत नाहीत.

मिक्सरमागे:
दोन्ही रात्रींची रेकॉर्डिंगची घड्याळं किंचित वेगळी असणार. पाच-पाच सेकंदांचे तुकडे करून प्रत्येक नव्याने जुळवा. फरक एकाच दिशेने, एकाच दराने वाढत असेल तर तो घड्याळाचा. ड्रमसाठी वीसेक ठोक्यांमधला फरक मिलिसेकंदांत लिहून काढा. एक ठोका ४ पुढे, पुढचा ७ मागे, मग २ पुढे, असं वेडंवाकडं आलं तर तुमचा ड्रमर खरा वाजवतोय.