मदत हवी आहे: माळ्यावरच्या बिनमॉनिटरच्या मशीनवर ट्रान्समिशन, आणि २ टीबीची डिस्क दोन दिवसांत फुल्ल!

गावभागकर

मंडळी, तीन रविवार गेले, आता हात टेकले.

सांगलीत गावभागात आमच्या मामांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची तीसेक पोरंपोरी बसतात, नेट एकच. म्हणून ठरवलं की किविक्सचा (नेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरचा) विकिपीडिया एकदाच उतरवून घ्यायचा आणि आतल्या वायफायवर सगळ्यांना ऑफलाइन द्यायचा. चित्रांसकट इंग्रजीची फाईल शंभर जीबीच्या आसपास जाते. ब्राउझरमधून दोनदा लावली, दोन्ही वेळा लाईट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून. टोरंट (फाईल तुकड्यातुकड्यांनी अनेकांकडून उतरवायची पद्धत) निदान थांबलं तिथून पुढं चालतं, म्हणून ट्रान्समिशन हा टोरंटचा प्रोग्रॅम टाकला. (कुणी विचारायच्या आत सांगतो, पिक्चर नाहीत.)

मशीन म्हणजे जुना डेस्कटॉप, आत १२० जीबीची एसएसडी, डेबियन १२ (लिनक्स). २०१९ च्या पुरात तळमजल्यात पाणी आलं, तेव्हापासून मामा विजेची वस्तू खाली ठेवू देत नाहीत. त्यामुळं मशीन माळ्यावर, आणि शेजारच्यांची शिडी मागून आणल्याशिवाय हात पोचत नाही. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, सगळं एसएसएचवरून (लॅपटॉपवरून कमांड देऊन). सोबत २ टीबीची यूएसबी डिस्क, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली.

आता दुखणं. लॅपटॉपवरून ९०९१ पोर्ट (ट्रान्समिशनचं वेबचं पान) उघडलं की ४०३, म्हणजे प्रवेश नाही. सेटिंग्जच्या फाईलमध्ये व्हाइटलिस्टला (परवानगीच्या यादीत) लॅपटॉपचा पत्ता घातला, सर्व्हिस रिस्टार्ट केली, तर फाईल परत होती तशी. असं तीनदा झालं. शेवटी मशीनवरच कमांडने टोरंट लावलं, तर परमिशन डिनाइड. एका व्हिडिओत बघून डिस्कच्या फोल्डरला ७७७ (सगळ्यांना लिहायची मुभा) दिलं. कमांड गुपचूप चालली, एरर तोच. मध्ये लाईट गेली, मशीन परत चालू झालं, मी परत ७७७ दिलं आणि काय आश्चर्य, धडाधड उतरायला लागलं! दोन दिवसांनी बघतो तर नव्वद टक्क्यांवर अडकलेलं, ‘डिस्कवर जागा नाही’. २ टीबीची डिस्क ९० जीबीत भरते होय?

तंबोरा_मिरज

४०३ चं आधी सांगतो, ते सोपं आहे. डीमन (मागे चालणारा ट्रान्समिशनचा प्रोग्रॅम) चालू असताना ती फाईल बदलायचीच नाही. बंद होताना तो आपल्या डोक्यातल्या जुन्या सेटिंग्ज फाईलवर लिहून जातो, म्हणजे तुमचा रिस्टार्टच तुमचं काम पुसतोय. आधी ‘सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप ट्रान्समिशन-डीमन’, मग फाईल बदला, मग स्टार्ट. एकच पत्ता देण्यापेक्षा १९२.१६८.१.* असं द्या, राउटरने उद्या लॅपटॉपला दुसरा नंबर दिला तर परत शिडी नको.

पासवर्ड साधाच लिहा. चालू झाल्यावर त्या जागी महिरपी कंसाने सुरू होणारी अगम्य अक्षरं दिसतील. घाबरू नका, तो हॅश आहे, पासवर्डचं सांकेतिक रूप. आणि ९०९१ राउटरवरून बाहेर उघडू नका. घरून बघायचं तर एसएसएचचा टनेल (सुरक्षित आडवाट) करा.

कंदी_सातारकर

ट्रान्समिशन सोडा राव. क्यूबिटटोरंट-नॉक्स हा दुसरा टोरंट प्रोग्रॅम टाका, वेबचं पान कितीतरी चांगलं. पोर्ट ८०८०. फक्त ४.६.१ पासून ठरलेला पासवर्ड चालत नाही, पहिल्यांदा सुरू करताना तात्पुरता पासवर्ड लॉगमध्ये छापून येतो तो घ्या.

तंबोरा_मिरज

@कंदी, क्लायंट चांगलाच आहे, पण घोडं डिस्कवर अडलंय. गडी बदलून रस्ता दुरुस्त होत नाही.

बेदाणा

गावभागकर दादा, ‘डीएफ -एच’ आणि ‘फाइंडमाउंट’ पुढे डिस्कच्या फोल्डरचं नाव देऊन काय येतं ते टाका. मला शंका आहे ती आधी खरी ठरू दे.

गावभागकर

रूट (आतली एसएसडी) १०० टक्के. यादीत यूएसबी डिस्कचं नावच नाही. फाइंडमाउंट एक अक्षर बोलत नाही, नुसता प्रॉम्प्ट परत येतो.

बेदाणा

मग झालं. तुमचं ‘चाललं’ ते डिस्क नव्हती म्हणून चाललं 😀

डिस्क तुम्ही पहिल्यांदा हाताने माउंट केली (फोल्डरला जोडली) असणार. एक्सफॅटला लिनक्ससारखा मालक नसतो, माउंट करताना सांगाल तो मालक. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) केली म्हणून मालक रूट, आणि डेबियनमध्ये ट्रान्समिशन चालतं ते ‘डेबियन-ट्रान्समिशन’ या युजरखाली. त्याला लिहायची मुभा नाही. तिथं ७७७ दिलं तर ते निमूट ऐकून घेतं आणि काही करत नाही. लाईट गेली तेव्हा मशीन उठलं, पण डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) नसल्यामुळं जोडलीच गेली नाही. मागे उरलं ते रिकामं फोल्डर, तुमच्या आतल्या एसएसडीवरचं. दुसरं ७७७ त्याला लागलं आणि खरंच लागलं. विकिपीडिया त्यात गेला.

उतरलेलं फुकट जाणार नाही. डीमन थांबवा. डिस्क तात्पुरती दुसऱ्याच फोल्डरवर जोडा आणि फाईल तिकडं हलवा. आता मूळ फोल्डर रिकामं झालं, त्याला ‘चॅटर +आय’ लावा, म्हणजे डिस्क नसताना त्यात रूटसुद्धा काही लिहू शकणार नाही. माउंट त्यावर बिनतक्रार होतं. मग एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळ, एसडीबी वगैरे नाव नको, ते बदलतं, यूयूआयडी (डिस्कची कायमची ओळख) द्या. त्याच ओळीत डेबियन-ट्रान्समिशनचे यूआयडी-जीआयडी (युजर-ग्रुपचे क्रमांक) आणि ‘नोफेल’. नोफेल विसरलात आणि एखाद्या दिवशी डिस्कची वायर सैल निघाली तर मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये बसेल, एसएसएच लागणार नाही. मग शिडी.

शेवटी ‘सिस्टिमसीटीएल एडिट ट्रान्समिशन-डीमन’ करून युनिट विभागात ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ (मधल्या रेघा काढून, सलग) आणि पुढे फोल्डरचा पत्ता. डिस्क नसेल तर डीमन सुरूच होणार नाही.

तंबोरा_मिरज

ताईंना +१. पण जमेल तेव्हा डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा. एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, लिहिता लिहिता लाईट गेली की कधीतरी फटका बसणार.

गावभागकर

त्यावर मामांच्या दहा वर्षांच्या स्कॅन केलेल्या प्रश्नपत्रिका आहेत, दुसरी प्रत झाल्याशिवाय फॉरमॅटचं नाव काढलं तर मामा मलाच माळ्यावर ठेवतील.

आणखी एक. पोर्ट ५१४१३ (बाहेरच्यांनी टोरंटला जोडायचं) राउटरवर उघडलं तरी तपासणीत बंदच येतंय. आणि संध्याकाळी पोरं म्हणतात नेट मेलंय.

बेदाणा

राउटरचा बाहेरचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ यांपैकी काही असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेकांत वाटते) आहात, राउटरवर कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येणार नाही. डाउनलोडला त्यानं अडत नाही, आपण होऊन जोडता येतात तेवढे पीअर (फाईल देणारे इतर लोक) पुरतात.

नेट मरतं ते बहुतेक अपलोडमुळं. अपलोड तुडुंब भरलं की साधं पानसुद्धा उघडत नाही. कासव मोडला (वेग कमी ठेवायच्या सोयीला) वेळ लावा. फाईलमध्ये वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत असते: ४२० म्हणजे सकाळी सात, १३८० म्हणजे रात्री अकरा. फाईल बदलायच्या आधी डीमन बंद, हे आता सांगायला नको.

गावभागकर

ताई, तंबोरा साहेब, झालं!

आयपी १००.७२ ने सुरू होतोय, म्हणजे सीजीनॅटच. पोर्टचा नाद सोडला. फाईल हलवायला पाऊण तास गेला, मग व्हेरिफायला (उतरलेले तुकडे तपासायला) टाकलं. टक्के शून्यापासून चढायला लागले तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ८९.६ वर थांबले आणि पुढचं उतरायला लागलं. मग मुद्दाम डिस्कची वायर काढून मशीन रीबूट केलं. एसएसएच लागलं, डीमन ‘डिपेन्डन्सी फेल्ड’ म्हणून गप्प बसला, आतल्या एसएसडीवर एक बाइट वाढला नाही.

वायर काढायला अर्थातच शिडी लागली. शेजारचे काका म्हणाले, आता तुमच्याकडंच ठेवा.