बॅटरी थंडीनं बसते हे अर्धंच खरं
एकानं सल्ला दिलाय की थंडीत गाडीची बॅटरी बसते, सरळ नवी घ्या. आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, बॅटरी खरी तेव्हाच खंगते. डिसेंबरच्या पहाटे ते फक्त उघडं पडतं. आणि नवी घ्यायची घाई कशाला? माझी गाडी चावी फिरवल्यावर सुरू न होता नुसती टकटक करायची; बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट खार खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासून, केबलचे क्लॅम्प आवळल्यावर ती थांबली.

मग बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसत नसेल तर अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) बघा, नाहीतर नवीही बसेल. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल लावताना काळ्या केबलचं शेवटचं टोक मात्र बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूलाच लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथं ठिणगी नको.