मदत हवी आहे (तातडीने): गाडीचं कर्ज चालू आहे, बँक एनओसी देत नाही, दुसऱ्या राज्यात पासिंग कसं करायचं?

घाईत_आहे
गाडी कर्जावर घेतलेली आहे, ३१ हप्ते बाकी आहेत. नोकरीमुळे दुसऱ्या राज्यात आलोय. इथे आरटीओत गेलो तर म्हणतात जुन्या आरटीओची एनओसी आणा. जुन्या आरटीओचं म्हणणं, आधी बँकेची एनओसी आणा. आणि बँक म्हणते, कर्ज फेडा, मग एनओसी देतो. कर्ज फेडायला पैसे असते तर कर्ज कशाला काढलं असतं? परवा सिग्नलला पोलिसाने नंबर प्लेट बघून बाजूला घेतलं, अर्धा तास गेला. कोणी केलं असेल तर सांगा. एजंट नको आहे. आणि 'गुगल करा' हे कृपया सांगू नका, करून झालंय.

चहाबाज
कुठून कुठे?

कोथरूडचा_काका
कोणतं राज्य, किती महिने झाले, गाडी पेट्रोल की डिझेल, किमतीचा आकडा, यातलं काहीच लिहिलेलं नाही. डॉक्टरकडे जाऊन 'दुखतंय' एवढंच सांगण्यासारखं झालं हे.

सरळसोट
कर्ज फेडल्यावर बँक दोन कागद देते. एक एनओसी आणि दुसरा फॉर्म ३५, सही-शिक्क्यासह. ते घेऊन आरटीओत गेलं की आरसीवरचा बोजा, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरतो. विमा कंपनीलाही कळवायचं, म्हणजे पॉलिसीवरून बँकेचं नाव निघतं. फॉर्म ३५ हातात आला की फार दिवस ठेवू नका, बरेच जण तो कपाटात ठेवून विसरतात आणि गाडी विकताना धावाधाव करतात.

घाईत_आहे
@सरळसोट, कर्ज फेडलेलं नाही. ३१ हप्ते बाकी आहेत. पहिल्याच ओळीत आहे.
@काका, पुण्याहून बंगळूरला. एमएच १४, पेट्रोल, हॅचबॅक. दहा महिने झाले.

बीएच_वाला
बीएच (भारत) सिरीजचा नंबर घ्या आणि मोकळे व्हा. मी २०२२ ला घेतली. दोन वर्षांचा टॅक्स एकदम भरायचा, राज्य बदललं तरी नंबर तोच. दहा लाखांच्या आत ८ टक्के, दहा ते वीस लाख १० टक्के, त्यावर १२. डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. आधी फक्त नव्या गाड्यांना मिळत होती, डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीपासून जुन्या नंबरवरूनही बदलता येते. लोक अजून हे एमएच-केए घेऊन का बसतात कळत नाही.

बंगळूरची_सुमी
@बीएच_वाला, ती सगळ्यांना मिळत नाही हो. खासगी कंपनी असेल तर तिची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत हवीत, आणि कंपनीने फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) भरून द्यायला हवा. आमच्या एचआरला फॉर्म ६० म्हणजे काय हे मीच समजावून सांगितलं, तरी दिला नाहीच.

घाईत_आहे
आमची कंपनी पुणे आणि बंगळूर, दोनच ठिकाणी आहे. बीएचचा विषय बंद.

बीएच_वाला
कंपनी बदला :)

कलमबहाद्दर
मुळात घाई कशाची? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. तुमचे दहा झालेत. पोलिसाला शांतपणे सांगायचं की बारा महिने झालेले नाहीत, आणि पुराव्याला टोलची पावती किंवा फास्टॅगचा उतारा दाखवायचा.

कोथरूडचा_काका
पण त्याच कायद्यात कलम ४९ आहे. पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं. ते का गाळलंत?

कलमबहाद्दर
गाळलं नाही. पत्ता कळवणं वेगळं आणि नवीन नंबर घेणं वेगळं. कर्नाटकानेही तीस दिवसांनंतर आजीवन कर मागायची दुरुस्ती केली होती, ती तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केली. वाचा जरा.

कोथरूडचा_काका
मी वाचूनच लिहितो. निकाल खिशात घेऊन सिग्नलला उभं राहायचं असेल तर राहा. तो मनुष्य भर उन्हात तुमचं कलम ऐकत बसणार नाही.

चहाबाज
दोघेही बरोबर आहात, आता बँकेकडे वळू या का? प्रश्न तिथे अडलाय.

निवृत्त_पण_चालू
मी १९९४ साली माझी स्कूटर सांगलीहून बेळगावला नेली होती. तेव्हा ऑनलाइन वगैरे काही नाही. फॉर्म हाताने भरायचे, कार्बन पेपर घालून. आमचे हेडक्लार्क म्हणाले, साहेब, कर्ज असलेली गाडी बायको माहेरी पाठवण्यासारखी असते, सगळ्यांची परवानगी लागते. बेळगावच्या आरटीओतल्या माणसाने मात्र मराठीत बोलून एका दिवसात काम केलं.

कुंदाप्रेमी
@निवृत्त_पण_चालू, आता बेळगावी म्हणायचं असतं, २०१४ पासून :)

निवृत्त_पण_चालू
माझ्या तोंडात बेळगावच बसलंय आणि बसणार.

चहाबाज
हा वाद इथे नको, त्याचे आधीच दहा धागे आहेत.

बंगळूरची_सुमी
@घाईत_आहे, मी हेच दोन वर्षांपूर्वी केलंय, नागपूर ते बंगळूर, कर्ज चालू असताना. तुम्ही बँकेत जाऊन नेमकं काय मागितलंत? 'एनओसी द्या' असंच म्हणालात ना? काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात एनओसी म्हणजे एकच, कर्ज संपल्यावरची. म्हणून तो 'फेडा' म्हणतो. तुम्हाला ती नकोच आहे. तुम्हाला हवं आहे परराज्यात नोंदणी बदलायला कर्जदात्याची संमती असल्याचं पत्र. बोजा तसाच राहणार, नव्या आरसीवरही बँकेचं नाव येणार, फक्त नंबर बदलणार. कलम ५१ मध्येच हे आहे, बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ एनओसी देत नाही.
माझ्याही शाखेने मला तीन वेळा परत पाठवलं होतं. मग कस्टमर केअरला ईमेल केला, विषयात लिहिलं: 'कर्ज चालू ठेवून आंतरराज्य बदलीसाठी संमतीपत्र'. पत्र शाखा देतच नाही, त्यांच्या मुख्य कार्यालयातून येतं. सोबत बदलीचं पत्र, इथला भाडेकरार, आरसी, विमा आणि एकही हप्ता चुकलेला नाही असा खात्याचा उतारा जोडला. थोडी फी घेतली.

घाईत_आहे
हे कोणी आधी का नाही सांगत!! बँकेत खरंच 'एनओसी' एवढंच म्हणालो होतो. आजच ईमेल करतो.

मडगावकर
अवांतर: माझी स्कूटर गोव्यात नोंदलेली आहे आणि मी आता कोल्हापुरात आहे. कर्ज नाही. मलाही हेच सगळं करावं लागेल का?

कोथरूडचा_काका
@घाईत_आहे, पत्र आलं की त्यावर तीन गोष्टी तपासा. जुन्या आरटीओचं नाव, ज्या आरटीओत जाणार त्याचं नाव, आणि चेसिस नंबर. बंगळूरमध्ये आरटीओ बरीच आहेत, तुमच्या पत्त्याला कोणतं लागतं ते आधी बघा. के. आर. पुरमला केए ५३, इंदिरानगरला केए ०३. पत्रावर एक आणि फॉर्म २८ वर (जुन्या आरटीओकडे एनओसी मागायचा अर्ज) दुसरं असलं की परत पहिल्यापासून.

टॅक्सवाला_मामा
बँकेचं सगळे सांगताय, खर्चाचं कोणी बोलत नाही. खरा धक्का कर्नाटकच्या आजीवन कराचा. पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, दहाच्या वर वीसपर्यंत १७, आणि वर सेस. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोलला ११. तुमच्या गाडीच्या वयाप्रमाणे तो घटवून घेतात, पण मोजतात मूळ बिलावरूनच. बिल हरवलं असेल तर शोरूमकडून प्रत काढून ठेवा.
महाराष्ट्राकडून उरलेल्या वर्षांचा टॅक्स परत मिळतो, पण केएचा आरसी हातात आल्यावरच अर्ज करता येतो. म्हणजे आधी इथे भरा, मग तिथून मागा. टॅक्सची मूळ पावती सांभाळा. माझे पैसे यायला सात महिने लागले, कुठल्या कार्यालयात ते लिहीत नाही.

सरळसोट
यापेक्षा गाडी विकून तिथे नवी घ्या. हिशेब केला तर तेच स्वस्त पडतं.

टॅक्सवाला_मामा
नव्या गाडीला तोच टॅक्स पूर्ण भरावा लागेल, वयाची सूटही नाही. कोणता हिशेब केलात?

घाईत_आहे
(आठ दिवसांनी) बँकेचं उत्तर आलं. म्हणतात, अर्ज मुख्य कर्जदाराने करावा, तुम्ही सहकर्जदार आहात.

बंगळूरची_सुमी
म्हणजे? गाडी कोणाच्या नावावर आहे?

घाईत_आहे
बायकोच्या. आरसी आणि कर्ज दोन्ही तिच्या नावावर, मी सहकर्जदार. त्याने काय फरक पडतो? ती इथेच आहे माझ्याबरोबर.

कोथरूडचा_काका
अहो!! हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, चूक माझीच. फॉर्म २८ वर सही तिची लागणार, भाडेकरारात नाव तिचं हवं, बँकेचा अर्जही तिच्या ईमेलवरून. तुमचं बदलीचं पत्र तिथे कामाचं नाही.

चहाबाज
एवढी चर्चा झाली आणि गाडी वहिनींची निघाली.

घाईत_आहे
भाडेकरारात दोघांची नावं आहेत, नशीब. ती वर्क फ्रॉम होम करते, तिच्या कंपनीकडून पत्त्याचं पत्र घेतो.

पेन्सिलराव
चेसिसच्या ठशाचं कोणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. गाडी पुण्याला न्यायची गरज पडली नाही मला, ठसा इथेच काढून नेला. आमच्या गाडीत पुढच्या डाव्या सीटखाली कार्पेटला एक चिरलेला तुकडा आहे, तो उचलला की नंबर दिसतो. आधी ओल्या फडक्याने पुसा, धूळ-गंज राहिला तर ठसा फाटतो. पातळ कागद दाबून धरा, मऊ पेन्सिल आडवी घासा, आकडे पांढरे उठतात. सहा-सात काढा, फॉर्मच्या प्रत्येक प्रतीवर लागतो, आणि दोन तरी खराब होतातच. मी सीट पूर्ण मागे सारून अर्धा तास ओणवा होतो, दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

मडगावकर
माझ्या स्कूटरचा चेसिस नंबर कुठे असतो?

पेन्सिलराव
मॉडेल सांगा.

घाईत_आहे
(आणखी अकरा दिवसांनी) पत्र आलं!! पण काकांनी सांगितलं म्हणून चेसिस नंबर ताडून बघितला. ठशात शून्य आहे तिथे पत्रात इंग्रजी ओ टाइप केलाय. बायको म्हणते एवढ्याने कोणाला कळतंय, नेऊन द्या.

कोथरूडचा_काका
देऊ नका. चेसिस नंबरात ओ हे अक्षर नसतंच, आय आणि क्यूही नसतात, शून्य-एकशी गोंधळ होऊ नये म्हणून. सतरा खुणा मोजा, दुरुस्त पत्र मागवा. आणि मुदत बघून घ्या, पत्राला तारखेची मर्यादा असते.

बंगळूरची_सुमी
दुरुस्त पत्र मला तीन दिवसांत मिळालं होतं. तोवर परिवाहनच्या सरकारी वेबसाइटवर आरटीओच्या एनओसीचा अर्ज भरून ठेवा, पीयूसी आणि विमा चालू आहेत ना बघा, आणि ई-चलन तपासा. चलन बाकी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. विमा कंपनीला नवा नंबर नंतर कळवा, विम्याचा हप्ता ठरवायला शहरांचे झोन असतात, पुणे आणि बंगळूर दोन्ही ए झोनमध्ये येतात म्हणून तिथे फरक पडणार नाही. फास्टॅगवरचा नंबरही बदलून घ्यायचा असतो, मी विसरले आणि टोलवर उभी राहिले.

कलमबहाद्दर
मी अजूनही म्हणतो, बारा महिन्यांच्या आत कोणी काही करू शकत नाही.

घाईत_आहे
दुरुस्त पत्र आलं. ई-चलन एक निघालं, ₹५००, हिंजवडीच्या चौकातलं, गेल्या वर्षीचं. बायको म्हणते त्या दिवशी मी चालवत होतो, मी म्हणतो ती. भरून टाकलं. ठसे आठ काढले, पाच चांगले निघाले. शुक्रवारी रात्रीच्या बसने दोघं पुण्याला जातोय, सोमवारी कार्यालयात. फॉर्म २८ च्या किती प्रती न्यायच्या, तीन की चार?

पेन्सिलराव
चारच न्या. एक उरली तर उरली, तिथल्या झेरॉक्सवाल्यासमोर रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं. आणि वहिनींना सही आरसीवरच्यासारखीच करायला सांगा, लग्नाआधीची नको.

घाईत_आहे
बाप रे. आरसीवर कोणती आहे ते बघतो थांबा.